तेलाचं माहेर सांगणारी भट्टी : रॉक-एव्हल ६ कसं आहे?

हे यंत्र तेल शोधत नाही. ते एवढंच सांगतं, की समोरच्या दगडात कधी तेल किंवा वायू तयार करायची कुवत होती का, त्यातली किती खर्च झाली आणि किती उरली. रॉक-एव्हलवर नमुने करून घेणाऱ्या बऱ्याच जणांची निराशा इथेच होते, कारण त्यांना ‘खाली तेल आहे का’ याचं उत्तर हवं असतं. चुकीच्या खिडकीवर रांग लावली तर कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही.

फ्रान्सच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेत एस्पितालिए आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली ही पद्धत मांडली. सहावी आवृत्ती १९९६ मध्ये बाजारात आली. पुढच्या आवृत्त्या निघाल्या तरी भारतात जुन्या-नव्या शोधनिबंधांत दिसणारे बरेचसे आकडे या सहाव्या आवृत्तीचेच आहेत. देहरादूनच्या केशवदेव मालवीय पेट्रोलियम शोध संस्थेत किंवा लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत होणाऱ्या कामाचे अहवाल वाचायचे असतील, तर या यंत्राची भाषा यायलाच हवी.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. पेट्रोल डायनासोरपासून येत नाही. समुद्राच्या किंवा तळ्याच्या पाण्यात तरंगणारं प्लवक, शैवल, जिवाणू आणि नद्यांनी वाहून आणलेला पालापाचोळा बारीक गाळाबरोबर तळाशी बसतो. तळाच्या पाण्यात प्राणवायू असला की जवळपास सगळं कुजून जातं. नसला की थोडं वाचतं. शेलसारख्या काळ्या दगडात वजनाने एक-दोन टक्के सेंद्रिय कार्बन राहिला तरी पेट्रोलियमवाले खूष असतात. गाडलं गेल्यावर त्या अवशेषांचा एक चिवट पदार्थ बनतो, जो कुठल्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. त्याला केरोजेन म्हणतात. दगड आणखी खोल जाऊन साधारण ६० ते १५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात लाखो वर्षं राहिला, की केरोजेन तुटून तेल निघतं. त्यापुढे मुख्यतः वायू. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते सच्छिद्र थरांतून वर सरकतं आणि वर पक्कं झाकण असलेल्या उंचवट्यात अडकतं. म्हणजे जिथे विहीर खणतात ते तेलाचं सासर. रॉक-एव्हल माहेरची चौकशी करतं.

तेल जीवांपासून आलं हा नुसता अंदाज नाही. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात खनिज तेलात पॉर्फिरिन सापडल्याचं दाखवलं. वनस्पतींच्या हरितद्रव्याचा गाभा ज्या रचनेचा, तीच ही रचना. तेल पृथ्वीच्या पोटात आपोआप तयार होतं असं ठासून सांगणारे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पुढे चलावं.

आता यंत्र. नमुना वाळवून, कुटून, पीठ करून त्यातलं सुमारे ६० मिलिग्रॅम एका लहान धातूच्या क्रुसिबलमध्ये घालतात. ही क्रुसिबल म्हणजे सोनाराच्या मुशीची धाकटी बहीण, बोटाच्या पेराएवढी, बुडाशी सच्छिद्र, म्हणजे वायू आरपार जाऊ शकेल अशी. ती पहिल्या भट्टीत जाते. तिथे नायट्रोजन वाहत असतो, त्यामुळे काही जळत नाही, फक्त तापतं. भट्टी ३०० अंशांवर तीन मिनिटं थांबते. दगडात आधीच सुटं असलेलं तेल या वेळात वाफ होऊन बाहेर येतं. हाच आलेखातला पहिला उंचवटा, एस-१. मग तापमान मिनिटाला २५ अंशांनी वाढत ६५० अंशांपर्यंत जातं. या चढणीवर केरोजेन तुटतं आणि त्यातून जे हायड्रोकार्बन निघतात तो दुसरा, मोठा उंचवटा, एस-२. दोन्ही मोजायला हायड्रोजनची ज्योत असते. वाफेतले हायड्रोकार्बन ज्योतीत जळताना आयन तयार होतात, त्यांचा विद्युतप्रवाह मोजला जातो. बाजूला इन्फ्रारेड सेल कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मोजत असतात. ४०० अंशांपर्यंत निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब म्हणजे एस-३. त्यानंतर तीच क्रुसिबल दुसऱ्या भट्टीत जाते. तिथे हवा असते आणि उरलेला कार्बन ८५० अंशांपर्यंत जाळून मोजतात. दोन्ही भट्ट्यांतला सेंद्रिय कार्बन मिळून टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन. एका नमुन्याला साधारण तासभर लागतो.

या दुसऱ्या भट्टीसाठीच सहावी आवृत्ती पैकीच्या पैकी गुण घेते. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत पहिली भट्टी ६०० अंशांवर थांबायची आणि उरलेला कार्बनही ६०० अंशांवरच जाळायची. दगडी कोळसा किंवा फार पक्व, म्हणजे जमिनीत खूप शिजलेला, शेल त्या तापमानाला पूर्ण जळत नाही, त्यामुळे टीओसी कमी यायचा. टीओसी कमी आला की त्याने भागून काढलेला हायड्रोजन निर्देशांक फुगायचा. जुन्या निबंधांतल्या कोळशाच्या आकड्यांशी नव्या आकड्यांची तुलना करताना आधी यंत्राची आवृत्ती पाहावी, नाहीतर गाळाच्या दोन खोऱ्यांत नसलेला फरक ‘सापडतो’. सहाव्या आवृत्तीत खनिज कार्बनही वेगळा मिळतो, म्हणजे दगडात चुना किती आहे याचा अंदाज त्याच फेरीत येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा टीओसी २.० टक्के, एस-१ ०.६, एस-२ ६.०, एस-३ ०.८ (तिन्ही दर ग्रॅम दगडामागे मिलिग्रॅम) आणि टीमॅक्स, म्हणजे एस-२ च्या शिखराचं तापमान, ४४० अंश. एस-२ ला टीओसीने भागून शंभराने गुणलं की हायड्रोजन निर्देशांक, एचआय, ३०० येतो. एस-३ चं तसंच केलं की ऑक्सिजन निर्देशांक, ओआय, ४०. एस-१ ला एस-१ अधिक एस-२ ने भागलं की उत्पादन निर्देशांक, पीआय, ०.०९. रूढ मापाने टीओसी ०.५ च्या खाली गरीब, एक ते दोन चांगला, दोन ते चार फार चांगला. एचआय ६०० च्या वर असला तर तळ्यातल्या शैवलाचं पहिल्या प्रकारचं केरोजेन, ३०० ते ६०० मध्ये सागरी प्लवकाचं दुसऱ्या प्रकारचं, ५० ते २०० मध्ये झाडपाल्याचं तिसऱ्या प्रकारचं, जे मुख्यतः वायू देतं. ५० च्या खाली निव्वळ मढं. आपला नमुना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या वेशीवरचा, आणि टीमॅक्स ४३५ च्या पुढे गेल्यामुळे तेलाच्या उंबरठ्यावर आलेला.

इथे एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. हायड्रोकार्बनमध्ये वजनाने साधारण ८३ टक्के कार्बन धरतात. एस-१ आणि एस-२ मिळून ६.६ मिलिग्रॅम, त्यातला कार्बन ०.५५ टक्क्याच्या आसपास. म्हणजे दोन टक्के सेंद्रिय कार्बनपैकी पाव भागाहून जरा जास्तच तेल-वायू होऊ शकतो. उरलेला भट्टीत काळा कोळसा होऊन बसतो, आणि जमिनीखालीही तसाच बसतो. नुसत्या टीओसीवर ‘उत्तम सोर्स रॉक’, म्हणजे तेलाचं उत्तम माहेर, असा शेरा मारणारे अहवाल म्हणूनच बाजूला ठेवावेत. हायड्रोजन नसेल तर कार्बन नुसता काजळीच्या लायकीचा.

मिलिग्रॅम-दर-ग्रॅम म्हणजेच किलो-दर-टन, हे लक्षात ठेवलं की आकड्यांना वजन येतं. एक चौरस किलोमीटर पसरलेला, १०० मीटर जाडीचा शेल घ्या. घनता २.४ धरली तर तो २४ कोटी टन भरतो. त्याने टनामागे पाच किलो हायड्रोकार्बन आजवर सोडले असतील तर ते १२ लाख टन झाले, बॅरलमध्ये सुमारे ८८ लाख. हे एका चौरस किलोमीटरचं. खोरी हजारो चौरस किलोमीटरची असतात. मग सगळीकडे तेलच तेल का नाही? कारण निघालेल्यातलं बरंच सोर्स रॉकलाच चिकटून राहतं, बरंच वाटेत थराथरांत पुसलं जातं, आणि झाकण फुटकं असेल तर उरलेलं पृष्ठभागावर येऊन जिवाणूंच्या पोटात जातं. सापळ्यात पोचतो तो छोटासा हिस्सा. यातलं काहीच रॉक-एव्हल सांगत नाही, आणि त्याने ते सांगावं अशी अपेक्षाही नको.

टीमॅक्स हा या यंत्राचा सगळ्यात उपयोगी आकडा, आणि सगळ्यात गैरसमज झालेलाही. एस-२ चा उंचवटा शिखराला पोचतो त्या तापमानाला टीमॅक्स म्हणतात. दगड जितका जास्त शिजलेला, तितकी त्याची सहज तुटणारी बंधनं आधीच तुटून गेलेली, म्हणून उरलेली तोडायला जास्त उष्णता लागते आणि शिखर उजवीकडे सरकतं. ४३५ च्या खाली अपक्व, ४३५ ते साधारण ४७० तेलाचा पट्टा, पुढे वायू. पण टीमॅक्स ४४० आला म्हणून दगड जमिनीत ४४० अंशांवर भाजला होता असं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी निघतात. निसर्ग दहा लाख वर्षांत तीनेक अंशांनी तापवतो. भट्टी मिनिटाला २५ अंशांनी. भट्टीची घाई निसर्गाच्या चार लाख कोटी पट आहे. मंद आचेवर रात्रभर ठेवलेला पावटा आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांतला पावटा दोन्ही शिजतात, तापमान मात्र वेगळं. ज्या दगडाचा टीमॅक्स ४४० येतो त्याने जमिनीखाली जेमतेम शंभराच्या आसपास पाहिलेले असतात.

यात आणखी एक खाच. सहाव्या आवृत्तीत तापमापक क्रुसिबलला अगदी लागून बसतो, त्यामुळे शिखराचं खरं तापमान छापील टीमॅक्सपेक्षा साधारण ३५ ते ४० अंशांनी जास्त असतं. जुन्या आकड्यांशी मेळ राहावा म्हणून सॉफ्टवेअर ते कमी करून छापतं. हा फरक प्रमाण नमुना चालवून ठरवतात. फ्रेंच संस्थेच्या नेहमीच्या प्रमाण दगडाचा टीमॅक्स ४१६ आणि एस-२ सुमारे १२.४ यायला हवा. प्रयोगशाळेने दर दहा-बारा नमुन्यांमागे तो चालवला का, आणि काय आकडा आला, हे विचारायला संकोच करू नये. प्रमाण दगड ४१९ दाखवत असेल तर त्या फेरीतले तुमचे सगळे ४३५ खरं तर ४३२ आहेत, आणि ‘पक्व’ म्हणून अहवालात रंगवलेला अख्खा थर अपक्व ठरतो.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा भट्टीत नाही, पिशवीत.

विहिरीतून वर येणारे कटिंग्ज, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर आलेला दगडाचा चुरा, हा रॉक-एव्हलचा नेहमीचा खुराक. त्या चिखलात काय काय असतं? तेल, लिग्नाइट, लिग्नोसल्फोनेट, गिल्सोनाइट, गळती बुजवायला टाकलेली अक्रोडाच्या कवचांची भरड. हे सगळं सेंद्रिय, आणि भट्टीला आपलं-परकं कळत नाही. वरच्या उदाहरणातलाच दगड तेलयुक्त चिखलातून आला तर एस-१ ४.२, एस-२ ६.५, टीमॅक्स ४२८ आणि पीआय ०.३९ असं काहीतरी दिसतं. तक्ता वाचणारा म्हणतो, अपक्व दगडात इतकं तेल, म्हणजे बाहेरून झिरपलेलं असणार, वा! आलेख उघडणारा बघतो की एस-२ च्या डाव्या उतारावर एक खांदा आहे. तो खांदा केरोजेनचा नसून ३०० अंशांत न उडालेल्या जड तेलाचा आहे, आणि त्यानेच टीमॅक्स खाली ओढला. साधा नियम असा: टीमॅक्स ४३५ च्या खाली आणि पीआय ०.३ च्या वर, असे दोन्ही एकदम दिसले की दगडावर विश्वास ठेवू नका.

अशा वेळी उपाय एकच. पिठातला थोडा भाग डायक्लोरोमीथेन या द्रावकाने धुऊन, वाळवून पुन्हा चालवायचा. सुटं तेल निघून जातं, एस-१ जवळपास शून्यावर येतो, खांदा नाहीसा होतो आणि खरा टीमॅक्स दिसतो. धुण्याआधीचा आणि नंतरचा एस-२ वजा केला की जड तेलाचा वाटाही कळतो. मात्र धुण्याने लिग्नाइट किंवा अक्रोडाची भरड जात नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचावी लागते. भुसभुशीत विहिरीत वरच्या थरांची पडझड खालच्या नमुन्यात मिसळते, तीही अशीच वेचायची. ड्रिलच्या टोकाचे लोखंडी कण चुंबकाने काढायचे. हिऱ्याच्या दात्यांचं टोक दगड इतका घासतं की कधी कधी कटिंग्ज तिथल्या तिथेच भाजून निघतात. असे चकचकीत, पापुद्र्यांसारखे तुकडे बाजूला टाकावेत.

वाळवताना घाई करू नये. ४० अंशांच्या वर ओव्हन नेलं की एस-१ मधला हलका भाग उडायला लागतो. तसाही विहिरीपासून प्रयोगशाळेपर्यंत येताना वायू आणि पेट्रोलसारखा हलका भाग केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून एस-१ हा नेहमी ‘निदान इतकं तरी’ असाच वाचायचा. दळताना गिरणी तापली तरी तेच. कोळसा आणि कोळसट शेल महिनोनमहिने उघड्या पिशवीत राहिले तर हवेने ऑक्सिडाइज होतात. एचआय घसरतो, ओआय चढतो, आणि चांगला दगड गरीब दिसायला लागतो.

कोळशाचं वजनही वेगळं. ६० मिलिग्रॅम कोळसा टाकला तर इतकी वाफ निघते की ज्योत मोजता मोजता थकते आणि एस-२ चं शिखर वरून कापल्यासारखं सपाट होतं. पाच ते दहा मिलिग्रॅम पुरे. उलट फिकट, करड्या शेलचा एस-२ ०.२ च्या खाली आला तर टीमॅक्सचा आकडा छापलेला असला तरी तो खोडून टाकावा. शिखरच नाही तिथे शिखराचं तापमान कसलं? सॉफ्टवेअर मात्र इमानदारीने काहीतरी छापतंच.

खनिजांचा त्रास दोन प्रकारचा. पहिला चिकणमातीचा. इलाइटसारखी खनिजं जड हायड्रोकार्बन धरून ठेवतात, सोडत नाहीत. ते तिथेच कोळसा होतात. टीओसी कमी असलेल्या नमुन्यांत हे जास्त जाणवतं आणि एचआय खोटा कमी येतो. यावर तोडगा सोपा आणि फुकट आहे: एकाच थराचे दहा-पंधरा नमुने घेऊन आडव्या अक्षावर टीओसी, उभ्यावर एस-२ मांडा आणि सरळ रेषा काढा. रेषेच्या चढाला शंभराने गुणलं की खरा एचआय. रेषा आडव्या अक्षाला शून्याच्या उजवीकडे ०.३ वर कापत असेल, तर तितका टक्का कार्बन मातीने गिळला किंवा तो मुळात मेलेला आहे. एकेका नमुन्याच्या एचआयची सरासरी काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, तरी अहवालांत क्वचितच दिसतं.

दुसरा त्रास सिडेराइटचा. हा लोहाचा कार्बोनेट ४०० अंशांच्या आतच फुटायला लागतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड एस-३ मध्ये जमा होतो. मग सागरी शेलचा ओआय दोन-तीनशे दिसतो आणि लोक त्याला झाडपाल्याचा ठरवतात. साधा चुनखडक यापेक्षा बराच उशिरा फुटतो, त्यामुळे तो एस-३ ला त्रास देत नाही. सिडेराइटचा संशय आला की कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना धुऊन घ्यावा, आणि त्यानंतर पाण्याने इतका धुवावा की आम्लाचा मागमूस राहू नये. आम्ल भट्टीत गेलं तर पुढच्या दुरुस्तीचं बिल नमुन्यांच्या बिलाला लाजवतं.

आता मुंबई हायकडे पाहू. भारतात या यंत्राची खरी गंमत कळते ती तिथेच. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या ड्रिलिंग रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल मुख्यतः एल-३ नावाच्या मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. त्याच्या तेल भरलेल्या गाभ्यातला तुकडा रॉक-एव्हलमध्ये घाला: एस-१ भरपूर, एस-२ त्या मानाने किरकोळ. एस-१ ला टीओसीने भागून शंभराने गुणलं की शंभराच्या पुढे. म्हणजे दगडाकडे स्वतःच्या कार्बनला झेपेल त्याहून जास्त तेल आहे. ते बाहेरून आलेलं आहे. हा चुनखडक कमावता नाही, नुसता साठवणारा.

कमावणारा दगड खाली आणि बाजूला आहे. डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टवर पॅलिओसीन ते इओसीनच्या आरंभी जो गाळ साचला त्याला पन्ना फॉर्मेशन म्हणतात: शेल, वाळू, मधूनमधून कोळशाचे पट्टे. मुंबई हायच्या डोक्यावर तो पातळ किंवा नाहीच. भोवतालच्या खोलगट भागांत, सुरत डिप्रेशनसारख्या ठिकाणी, तो जाड आहे आणि पुरेसा शिजलेला आहे. तिथलं केरोजेन बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांचं मिश्रण: किनाऱ्यावरचा झाडपाला आणि त्यात जिवाणूंची व शैवलाची भर. तेल तिथे तयार झालं, कडेकडेने वर सरकलं आणि उंचवट्यावरच्या चुनखडकात येऊन थांबलं. शेजारच्या बसीन क्षेत्रातला वायू इओसीन चुनखडकात आहे. १९७४ साली रॉक-एव्हल अस्तित्वात नव्हतं, म्हणजे सासर आधी सापडलं आणि माहेरचा पत्ता कागदावर पक्का व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली.

राजस्थानच्या बाडमेरशी तुलना केली तर केरोजेनचा प्रकार किती फरक पाडतो ते कळतं. २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्राचं तेल बाडमेर हिल फॉर्मेशनच्या तळ्यातल्या शेलमधून आलं. तळ्यातलं शैवल, हायड्रोजनने भरलेलं, एचआय दणदणीत. त्यातून निघालेलं तेल मेणचट, साध्या तापमानाला थिजणारं, म्हणून गुजरातपर्यंतची पाइपलाइन वाटभर तापवावी लागते. हायड्रोजनच्या बारीक ज्योतीपुढच्या एचआयच्या आकड्याचा संबंध वाळवंटातल्या सहाशेहून अधिक किलोमीटर तापवलेल्या नळाशी असा लागतो. पण अशा पहिल्या प्रकारच्या दगडात टीमॅक्स फारसा हलत नाही. केरोजेनची बंधनं एकसारखी असल्याने शिखर अरुंद आणि हट्टी असतं. तिथे पक्वता टीमॅक्सवरून ठरवू नये.

हीच मर्यादा दुसऱ्या टोकालाही आहे. टीओसी १.५, एचआय ४० आणि टीमॅक्स ४८० असा दगड समोर आला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर तो एकेकाळी जबरदस्त होता आणि सगळं देऊन रिकामा झाला. किंवा तो कधीच कामाचा नव्हता. रॉक-एव्हल एकट्याने हे सांगू शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केरोजेनचे कण पाहावे लागतात, व्हिट्रिनाइटचं, म्हणजे लाकडापासून झालेल्या कणांचं, परावर्तन मोजावं लागतं, आणि त्याच थराचा खोऱ्याच्या उथळ कडेवरचा अपक्व नमुना शोधावा लागतो. टीमॅक्सवरून व्हिट्रिनाइटचा आकडा काढायचं एक सूत्र फार फिरतं: टीमॅक्सला ०.०१८ ने गुणून ७.१६ वजा करा. ४४५ ला ते ०.८५ देतं. ते अमेरिकेतल्या एका विशिष्ट सागरी शेलवरून बसवलेलं आहे. पन्नाच्या कोळसट शेलला ते डोळे झाकून लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

वायूच्या बाबतीत तर यंत्र निम्मं आंधळं. उथळ गाळात जिवाणू थेट मिथेन बनवतात, गोबर गॅसच्या टाकीत होतं तसंच, आणि त्याला ना तेलाचा पट्टा लागतो ना टीमॅक्स. हा वायू खोलवर उष्णतेने तयार झालेल्या मिथेनपेक्षा वेगळा ओळखायचा तर कार्बनचे समस्थानिक, म्हणजे हलक्या-जड अणूंचं प्रमाण, मोजावे लागतात. जिवाणूंचा मिथेन साधारण उणे ६० प्रति हजारच्या खाली असतो. ते यंत्र वेगळं, बिलही वेगळं.

महाराष्ट्रातून एक नमुना मात्र नेहमी येतो आणि तो आणू नये. विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की गावात ‘तेल लागलं’ अशी हवा होते आणि कुणीतरी काळा दगड तपासायला पाठवतं. तो दगड बेसाल्ट. लाव्हाच्या दगडात केरोजेन नसतं, आलेख सपाट येणार. तवंग काडीने हलवून पाहा. काचेसारखे तुकडे पडून वेगळे राहिले तर ते लोहजिवाणूंचं काम. तुकडे पुन्हा जुळले आणि वास आला तर जवळच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी तपासायला सांगा. पैसे वाचतील आणि पाणीही.

यंत्र विकत घ्यावं का? एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने, वर्षाला शे-दोनशे नमुन्यांसाठी, अजिबात घेऊ नये. हायड्रोजन, स्वच्छ हवा, नायट्रोजन, रोजचं कॅलिब्रेशन आणि ते चालवणारा कायमचा माणूस, हे यंत्राच्या किमतीबाहेरचं आहे. चार महिने बंद राहिलेलं रॉक-एव्हल पुन्हा मार्गावर आणण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात बाहेरून नमुने होऊन येतात. शेलमधल्या तेलावर काम करणाऱ्यांनी प्रयोगशाळेकडे १०० अंशांपासून सुरू होणारी, २०० आणि ३५० ला थांबणारी फेरी मागावी. तिच्यात सुटं जड तेल एस-२ मध्ये घुसत नाही, वरचा खांद्याचा घोळ बराच टळतो. अमेरिकन बनावटीचं हॉकसुद्धा याच तत्त्वावर चालतं; आकडे सारखे वाचता येतात, पण एकाच अहवालात दोन यंत्रांचे टीमॅक्स मिसळू नयेत.

नमुने पाठवताना पाच ते दहा ग्रॅम पाठवा, म्हणजे धुणं आणि पुन्हा चालवणं दोन्हीला पुरेल. पिशवीवर विहिरीचं नाव आणि खोली तर लिहालच. चिखल पाण्याचा होता की तेलाचा, तेही लिहा. दर दहा नमुन्यांत एक नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी घाला. त्या दोघांचा एस-२ दहा टक्क्यांहून जास्त फरकाने आला तर बिल देण्याआधी फोन करा. आणि मागणीपत्रातच ठळक लिहा: तक्त्याबरोबर प्रत्येक नमुन्याच्या आलेखाची मूळ फाइल हवी. ती द्यायला कां-कू करणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवूच नका.